ग्लेंडा जॅक्सन: २३ वर्षं अभिनयापासून दूर राहिली, त्यात कोणाचं काय गेलं?

शेवंती (पुणे)

परवा रात्री 'द ग्रेट एस्केपर' पाहिला आणि नंतर बराच वेळ डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून हा धागा काढतेय.

गोष्ट खरी घडलेली आहे. इंग्लंडमधल्या होव्हच्या वृद्धाश्रमातून ८९ वर्षांचा एक माजी नौसैनिक २०१४ साली गुपचूप निघाला आणि डी-डेच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्य नॉर्मंडीला उतरलं त्या दिवसाच्या, ७० व्या स्मरणदिनासाठी थेट फ्रान्समध्ये नॉर्मंडीला पोचला. नौसैनिक झालाय मायकेल केन. मागे राहिलेली त्याची आजारी बायको म्हणजे ग्लेंडा जॅक्सन. खोलीत बसून वाट बघणं एवढंच तिच्या वाट्याला आहे म्हणा ना. पण ती नुसती खिडकीकडे बघते तेव्हा तिचं सगळं लग्न, सगळं आयुष्य तिथं दिसतं. हा चित्रपट ऑक्टोबर २०२३ मध्ये लागला आणि ती १५ जूनलाच गेली होती, ८७ व्या वर्षी.

मग तिच्याबद्दल शोधत बसले. दोन ऑस्कर, रॉयल शेक्सपिअर कंपनी, पहिल्या राणी एलिझाबेथवरची ती गाजलेली मालिका. आणि हे सगळं सोडून १९९२ ला मजूर पक्षाची खासदार! २०१५ पर्यंत! म्हणजे वयाच्या ५५ पासून ७९ पर्यंत तिने काम केलंच नाही. ना क्लिओपात्रा पुन्हा, ना चेकॉव्ह, काहीच नाही.

मला राहून राहून वाटतं की हे नुकसान आहे. खासदार साडेसहाशे असतात, अशी नटी एकच. तुम्हाला काय वाटतं? तिचं काम कोणी प्रत्यक्ष पाहिलंय का?

मध्यलय

सुंदर धागा. मात्र "हे सगळं सोडून" याच्याशी मी सहमत नाही. ती आली कुठून ते बघा. १९३६ चा जन्म, लिव्हरपूलसमोरचं बर्कनहेड. वडील गवंडी. चार बहिणींत ही थोरली. शाळा सुटल्यावर बूट्स या औषधांच्या दुकानात दोन वर्षं काउंटरवर उभी होती. तिथून शिष्यवृत्तीवर राडामध्ये, म्हणजे लंडनच्या नाट्यशाळेत. तिथल्या प्राचार्यांनी काय सांगितलं, तर चाळिशीपर्यंत तुला फारसं काम मिळेल अशी आशा ठेवू नकोस. चेहरा नायिकेचा नव्हता ना.

गवंड्याची मुलगी कामगारांच्या पक्षात गेली यात तिने काही सोडलं असं मला वाटतच नाही. ती आपल्या घरी परत गेली.

चिंगी_७९

वाचनखूण साठवली. हिचं मी काहीच पाहिलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

टेम्सकाठ (लंडन)

मी पाहिलंय. २०१६ च्या नोव्हेंबरात, इथल्या ओल्ड व्हिक थिएटरला, 'किंग लिअर'. स्वतः लिअर!

तिकिटं संपलीच होती. मी ऑफिसातून दोन दिवस वेबसाइट उघडी ठेवून बसले होते. कोणीतरी परत केलेलं एक मिळालं, अगदी वरच्या मजल्यावरचं, खांबाच्या बाजूचं. दिग्दर्शन डेबोरा वॉर्नरचं. हिनेच १९९५ ला फिओना शॉ या नटीला शेक्सपिअरचा राजा रिचर्ड दुसरा करायला लावलं होतं, त्यामुळे बाईला राजा करणं तिला नवीन नव्हतं. नेपथ्य जवळपास नाहीच. मोठे पांढरे फलक, तालमीला मांडतात तशा खुर्च्या. विदूषक ऱ्हिस इव्हान्स.

आणि त्या पांढऱ्या पोकळीत ही चिमूटभर बाई येते. काटकुळी, आखूड केस. मला पहिली दोन वाक्यं वाटलं की एवढ्या मोठ्या थिएटरात हिचा आवाज कसा पुरणार. मग तो आवाज आला. पत्रा कापत जावा तसा. वरच्या शेवटच्या ओळीत माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पुढचा कठडा धरला. मोठ्या मुलीला शाप देते तो प्रसंग तर अंगावर येतो. आरडाओरडा केला असता तर एवढी भीती वाटली नसती. एकेक शब्द ती मोजून देत होती.

शेवटाकडे लिअर म्हणतो ना, मी ऐंशी आणि वर आहे, तासभरही कमीजास्त नाही. त्या दिवशी ती खरोखर ऐंशी वर्षांची होती. २५ वर्षं रंगमंचावर पाऊल न ठेवलेली. प्रेक्षागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आलं असतं.

शेवंतीताई, तुमचा प्रश्न मलाही पडायचा. पण त्या रात्री ट्यूबमधून (इथली भुयारी रेल्वे) घरी जाताना वाटलं की मधल्या वर्षांत ती नाटकंच करत राहिली असती तर हा लिअर असा झाला असता का? तिनेच मुलाखतीत सांगितलंय की खासदार म्हणून वृद्धाश्रमांना भेटी द्यायची तेव्हा तिला दिसायचं, वय वाढत जातं तशी बाई-पुरुष ही कुंपणं विरत जातात. तिचा लिअर त्या खोल्यांतून आलाय. तालमीत तो सापडला नसता.

नाट्यवेडा (नागपूर)

वरचा प्रतिसाद वाचून काटा आला. तरी एक शंका मांडतोच. लिअर हा बाप आहे. मुलींना राज्य वाटून देणारा बाप. बाईने ती भूमिका केली की सगळं लक्ष "बाई कशी करते" याकडेच जातं, नाही का?

माझ्या मनात लिअर म्हटलं की डॉ. लागूंचे आप्पासाहेब बेलवलकर उभे राहतात. 'नटसम्राट' लिअरच्या छायेतच वाढलेलं आहे, ते काही लपलेलं नाही. विंदांचा 'राजा लिअर'चा अनुवाद मी कॉलेजात मोठ्याने वाचायचो. वादळाचा प्रवेश वाचताना आई आतून विचारायची, कोणाशी भांडतोस? तो आवाज, तो राग मला बापाचाच वाटत आलाय.

टेम्सकाठ (लंडन)

@नाट्यवेडा, खरं सांगते, पाच मिनिटांनंतर ते विसरायला होतं. तिने मिशी लावली नाही, आवाज जाड केला नाही, काही नाही. आणि ज्या रंगभूमीने बालगंधर्वांना डोक्यावर घेतलं तिच्या प्रेक्षकांनी तरी ही शंका का घ्यावी?

नाट्यवेडा (नागपूर)

बालगंधर्वांचं नाव काढलंत, आता माझी बोलती बंद. :)

जुना_पडदा

माझं वय ७४. मी ऐंशीच्या दशकात नोकरीनिमित्त मँचेस्टरला चार वर्षं होतो, तेव्हा ग्लेंडाबाईंचे जुने चित्रपट टीव्हीवर लागायचे. थोडं सविस्तर लिहितो, चिंगीताईंनाही उपयोग होईल.

बाईंना खरं वर आणलं दिग्दर्शक पीटर ब्रूकने. हो, तोच, नंतर १९८५ ला 'महाभारत' करणारा. १९६४ ला त्याने त्यांना रॉयल शेक्सपिअरमध्ये घेतलं. 'मारा/साद' या नाटकात त्या वेड्यांच्या इस्पितळातली रुग्ण झाल्या, जी नाटकातल्या नाटकात फ्रेंच क्रांतीतला पुढारी मारा याची मारेकरी शार्लोट कॉर्डे हिचं काम करते. हातात चाबूक नाही, तर स्वतःच्या केसांनी मार्की द सादला फटके मारते! तो प्रयोग न्यूयॉर्कपर्यंत गेला.

मग केन रसेलचा 'वुमेन इन लव्ह', १९६९. चित्रीकरणाच्या वेळी बाई गरोदर होत्या. त्यावर पहिलं ऑस्कर. १९७१ साल तर विचारू नका. 'संडे ब्लडी संडे', आणि बीबीसीची 'एलिझाबेथ आर'. सहा भाग, प्रत्येक जवळपास दीड तासाचा. कोवळ्या राजकन्येपासून मरणाला टेकलेल्या राणीपर्यंत. एलिझाबेथचं कपाळ मोठं होतं म्हणून बाईंनी डोक्याचा पुढचा भाग खरोखर भादरून घेतला. टोपाखाली टक्कल लपवता येतं, तसं त्यांनी केलं नाही. शेवटच्या भागात चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाचे थर, आणि त्या थरांमागचे डोळे. मी तो भाग तीनदा पाहिला, तिन्ही वेळा पाणी आलं. त्या मालिकेसाठी बाईंना दोन एमी (टीव्हीचे मोठे पुरस्कार) मिळाल्या. त्याच वर्षी 'मेरी, क्वीन ऑफ स्कॉट्स' या चित्रपटातही एलिझाबेथ त्याच, समोर व्हॅनेसा रेडग्रेव्ह.

आणि दुसरं ऑस्कर कसं मिळालं ते तर कमालच. १९७१ लाच मोरकॅम आणि वाइज या विनोदी जोडगोळीच्या कार्यक्रमात बाई क्लिओपात्रा झाल्या होत्या. ते दोघं वेडेवाकडे चाळे करताहेत आणि ह्या गंभीर चेहऱ्याने राणी. ते बघून दिग्दर्शक मेल्व्हिन फ्रँकला वाटलं, हिला विनोद जमतो! त्याने 'अ टच ऑफ क्लास'मध्ये घेतलं. १९७३ चा चित्रपट, त्यावर दुसरं ऑस्कर. एरिक मोरकॅमने तार केली की आमच्याबरोबर राहा, आणखी एक मिळवून देऊ.

दोन्ही वेळा बाई समारंभाला गेल्या नाहीत. ऑस्करच्या बाहुल्या आईकडे असायच्या. आई त्या इतक्या घासायची की वरचा मुलामा निघाला.

मध्यलय

@जुना_पडदा, काका, आईने ऑस्कर घासूनपुसून मुलामा घालवला हे वाचून मला माझी आजी आठवली. आमच्या क्रीडास्पर्धांच्या कपांना तिने चिंच लावून लावून अक्षरं घालवली होती!

उत्तररात्र

सगळे भारावलेत म्हणून दुसरी बाजू लिहितो. शेवंती यांचा प्रश्न साधा आहे आणि त्याला उत्तर मिळालेलं नाही. राजकारणात तिने नेमकं काय केलं? १९९७ ला ब्लेअरचं सरकार आलं तेव्हा वाहतूक खात्यात कनिष्ठ मंत्री. दोन वर्षांत पद सोडलं, लंडनच्या महापौरपदासाठी पक्षाची उमेदवारी मागितली, ती मिळाली नाही. त्यानंतर शेवटपर्यंत मागच्या बाकावर. इराक युद्धाला विरोध केला, मान्य, तोही स्वतःच्याच सरकारला, त्याबद्दल आदर आहे. पण तो विरोध करणारे मजूर पक्षात शंभरावर होते. 'एलिझाबेथ आर' करणारी दुसरी कोण होती?

कलावंताने समाजाचं ऋण फेडायला कला सोडावी लागते हे गृहीतकच मला पटत नाही. कला हेच ते ऋण फेडणं असतं.

किलबर्नकर

@उत्तररात्र, मी तिच्या लंडनमधल्या मतदारसंघात राहिलोय, तेव्हा बोलतो.

२०१० ची निवडणूक. हॅम्पस्टेड आणि किलबर्न. आम्ही दोघं तेव्हा भारतीय पासपोर्टवरच होतो, पण राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तिथं मतदान करता येतं हे शेजारच्या आयरिश काकूंनी सांगितलं. बायको म्हणाली, चल, एवढं नाव आहे तर देऊ. पाऊस भुरभुरत होता, ती सात महिन्यांची गरोदर, छत्री एकच. गेलो.

निकाल: मजूर पक्ष १७,३३२. हुजूर पक्ष १७,२९०. तिसरा लिबरल डेमोक्रॅटही फार मागे नाही, १६,४९१. ४२ मतांनी निवडून आली! त्या ४२ मतांत आमच्या घरातली दोन आहेत, हे मी माझ्या मुलीला अजून सांगतो.

काय केलं विचारता. एक दिवस सांगतो. १० एप्रिल २०१३. थॅचरबाई दोन दिवसांपूर्वी गेलेल्या, श्रद्धांजलीसाठी संसद बोलावलेली. एकामागून एक गौरवाची भाषणं. मग ही उठली, ७६ वर्षांची. म्हणाली की त्या काळात लंडनच्या दुकानांच्या पायऱ्या लोकांची झोपायची खोली, दिवाणखाना आणि न्हाणीघर झाल्या होत्या. ज्यांना मी लहानपणापासून दुर्गुण समजत आले ती हाव, तो स्वार्थ, ती दुर्बळांबद्दलची बेपर्वाई, हे सगळं सद्गुण म्हणून शिकवलं गेलं. समोरून आरडाओरडा चालू. ती थांबत नाही. युद्धकाळात ज्यांनी कारखाने चालवले, बॉम्ब पडलेल्या घरांतून माणसं उपसून काढली त्या बायकांनी मला वाढवलं, असं सांगून शेवटी म्हणाली की त्या पहिल्या महिला पंतप्रधान होत्या हे ठीक, पण माझ्या लेखी बाई म्हणजे ही नव्हे.

त्या सात-आठ मिनिटांत रंगभूमीवरची अख्खी ३५ वर्षं होती. बोलायला आवाज लागतो आणि थांबायला छाती लागते. दोन्ही तिने नाटकात कमावलं होतं.

सांजवात

ते भाषण मीही ऐकलंय आणि मला ते अजिबात रुचलं नाही. मरणान्तानि वैराणि, असं रामाने रावणाबद्दल म्हटलंय. बाईंचा देह अजून घरात असताना हे बोलायला हवं होतं? पंधरा दिवस थांबली असती तर सत्य शिळं झालं नसतं.

किलबर्नकर

@सांजवात, तुमचं म्हणणं समजतं. माझी आई असती तर हेच म्हणाली असती. पण ते घरचं दुःख नव्हतं, ती संसदेतली नोंद होती. सगळ्यांनी एकच बाजू लिहून ठेवली असती तर त्या पायऱ्यांवर झोपणाऱ्यांचं कोण लिहिणार होतं? एका सदस्याने तिथंच तक्रार केली, सभापतींनी सांगितलं की तिने नियमाबाहेरचं काही केलेलं नाही.

सांजवात

नियमाबाहेरचं नसेल. रीतीबाहेरचं होतं, एवढंच माझं म्हणणं. धैर्य मात्र होतं, ते नाकारत नाही.

गारवा (न्यू जर्सी)

भाषणावरून परत नाटकावर येते. मी २०१८ ला ब्रॉडवेवर 'थ्री टॉल वुमेन' पाहिलं. एडवर्ड आल्बीचं नाटक, स्वतःच्या दत्तक आईवर बेतलेलं. तीन बायका: एक नव्वदीतली, एक पन्नाशीतली, एक विशीतली. पहिल्या अंकात म्हातारी, तिची सोबतीण आणि वकिलाकडची मुलगी. दुसऱ्या अंकात कळतं की आता तिघी म्हणजे एकच बाई आहे, तीन वयांतली. सोबतीला लॉरी मेटकाफ आणि अॅलिसन पिल.

सुरुवातीलाच म्हातारी म्हणते मी ९१ वर्षांची, मुलगी म्हणते ९२. यावरून केवढा वाद! प्रेक्षक हसत होते. माझ्या नवऱ्याने हळूच माझ्याकडे पाहिलं, कारण आमच्या आत्यांचं जन्मसाल हा घरातला असाच चालत आलेला तंटा आहे. मग त्याच म्हातारीचं हसू मध्येच तुटतं आणि ती रडायला लागते, लहान पोरासारखी. हसणारं सगळं थिएटर एका क्षणात गप्प.

या भूमिकेला तिला टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा सर्वांत मोठा पुरस्कार, मिळालं. आधी चार वेळा नुसतं नामांकन झालं होतं. ऑस्कर, एमी, टोनी तिन्ही झाली. पुढच्या वर्षी तिने इथं पुन्हा लिअर केला, निराळ्या दिग्दर्शकाचा. तोही पाहिला. नाटक म्हणून तो मला विस्कळीत वाटला, पण ती साडेतीन तास उभी होती, आठवड्याला आठ प्रयोग, आणि मे महिन्यात ८३ पूर्ण झालेली.

चिंगी_७९

म्हणजे जिला चाळिशीपर्यंत काम मिळणार नाही म्हणून सांगितलं, तिला ८३ व्या वर्षी आठवड्याला आठ प्रयोग! :D

ओंजळ (सांगली)

मी या धाग्यावर लिहू की नको असा दोन दिवस विचार करत होते.

माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. सहा वर्षं झाली. मुलाने 'एलिझाबेथ इज मिसिंग' लावून दिलं. २०१९ ची बीबीसीची फिल्म, ग्लेंडा जॅक्सनचं पात्र मॉड. तिची मैत्रीण दिसेनाशी झालीय आणि हिला कोणाला ते पटवून देता येत नाही, कारण हिला स्वतःलाच काही आठवत नाही. खिशात चिठ्ठ्याच चिठ्ठ्या.

डॉक्टरांनी समजावलं, पुस्तकं वाचली, सगळं केलं. पण सासूबाई माझ्यावर चिडतात तेव्हा त्यांच्या बाजूने काय वाटत असेल हे मला त्या दीड तासात पहिल्यांदा कळलं. मॉड दुबळी नाही. ती संतापलेली आहे. आपलंच डोकं आपल्याला फसवतंय याचा तो संताप आहे. जॅक्सनने तिला कुठेही गोड म्हातारी केलेलं नाही, कीव येऊ दिलेली नाही. मी अर्ध्यात थांबवून आत जाऊन आले. त्या जाग्या होत्या, पदराचं टोक घडी करत बसलेल्या. मी शेजारी बसून दुसरं टोक घडी करायला घेतलं. काही बोललो नाही.

कला सोडून राजकारणात का गेली, याबद्दल मला मत नाही. ती परत आली याचे माझ्यावर उपकार आहेत.

टेम्सकाठ (लंडन)

ओंजळ, लिहिलंत ते बरं केलंत.

जुना_पडदा

ओंजळताई, तुम्हाला नमस्कार. त्या भूमिकेला बाफ्टा हा ब्रिटनमधला मोठा पुरस्कार मिळाला होता.

उत्तररात्र

ओंजळ यांचा प्रतिसाद वाचून माझं वरचं लिहिणं पुन्हा वाचलं. कला हेच ऋण फेडणं असतं, या मतावर मी आहेच, उलट आता जास्त. पण टेम्सकाठ म्हणतात तो मुद्दा आता दिसतोय. मॉडही त्याच वृद्धाश्रमांतून आली असणार.

शेवंती (पुणे)

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

मी माझा प्रश्न मागे घेत नाहीये, थोडा बदलतेय. ५५ ते ७९ या वयातली तिची इब्सेनची हेड्डा गाब्लर... नाही, ती तर तिने आधीच केली होती. तिची चेकॉव्हची रानेव्स्काया, तिची आणखी एखादी ग्रीक राणी आपल्याला मिळाली नाही. ते गेलं ते गेलंच, आणि मला त्याची हळहळ राहणार. लिअर किती का थोर असेना, त्याने ती भरून निघत नाही. पण नुकसान तिचं झालं असं मी मनात धरून चालले होते. ते चूक होतं. हळहळ प्रेक्षक म्हणून माझी आहे. तिने मात्र दोन्ही कामं पोटभर केली आणि शेवटची वर्षं मुलाच्या घराच्या तळघरातल्या फ्लॅटमध्ये, बागेत माती उकरत काढली.

@किलबर्नकर, लेकीला सांगा, तिच्या आईने त्या पावसात तिलाही मतदानाला नेलं होतं.

चिंगी_७९

काल बाबांबरोबर मोरकॅम-वाइजमधली क्लिओपात्रा पाहिली. बाबांना इंग्रजी फारसं समजत नाही, तरी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आता 'एलिझाबेथ आर'चा पहिला भाग लावलाय. बाबा म्हणतात, ही तीच का?